घरावरची लिमिट, आणि ती सही

पत्र असे आहे, थोडे आवरून देते:

‘आम्ही डिचोली तालुक्यातले. घर सासऱ्यांनी बांधलेले, जुने पण भक्कम. सासरे सहा वर्षांपूर्वी गेले. एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावर, अजून त्यांचेच नाव आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात. धाकटे दीर न्यू जर्सीला, नणंद सावंतवाडीला दिलेली. यजमान कुंडईच्या एका कारखान्यात सुपरवायझर, पगार ४८ हजार. मी घरी शिवणकाम करते, महिन्याला आठ-दहा हजार सुटतात. मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून पर्यटकांना द्यायचा विचार आहे, कंत्राटदाराने १४ लाख सांगितले. यजमानांचे तीन लाखांचे पर्सनल लोन आहे, १५ टक्क्यांचे. ते दोन वर्षांत संपेल. मुलीचे लग्नही दोन वर्षांत करायचे, त्याला आठ लाख धरलेत. एक एजंट म्हणतो, घरावर २५ लाखांची ओव्हरड्राफ्ट लिमिट करून ठेवा, साडेदहा टक्के दर, वापराल तेवढ्यावरच व्याज, मुद्दल सवडीने फेडा. दीर म्हणतात, अमेरिकेत सगळे असेच करतात, त्याला तिथे हेलॉक म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. यजमान तयार आहेत. एजंटाच्या मते बायकोची सही फक्त फॉर्मॅलिटी. मला मात्र झोप लागत नाही. सही करू का?’

ताई,

सही करू नका. निदान आत्ता, या रकमेवर आणि त्या एजंटाच्या सांगण्यावरून तर मुळीच नको. खोल्या बांधायचा बेत मला वाईट वाटत नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण तीन वेगवेगळ्या गरजा एका लिमिटमध्ये कोंबल्या आहेत आणि तिन्हींसाठी एकच घर तारण ठेवायचे चालले आहे. शिवाय ते घर गहाण ठेवायचा अधिकार आज कोणाकोणाकडे आहे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. म्हणून व्याजाच्या आधी त्याबद्दल बोलू.

गोव्यात पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्यापासून चालत आलेली पद्धत अशी की, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. कमावलेली असो, वारसाने आलेली असो, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. म्हणजे सासरे हयात होते तेव्हाच त्या घरातला अर्धा वाटा सासूबाईंचा होता आणि तो आजही त्यांचाच आहे. सासऱ्यांच्या मागे राहिला तो उरलेला अर्धा. मृत्युपत्र केलेले नसेल तर तो अर्धा तिन्ही मुलांना सारखा जातो, मुलगा-मुलगी असा फरक न करता. तुमच्या यजमानांच्या वाट्याला आला घराचा एक षष्ठांश. आणि त्या षष्ठांशातही निम्मा वाटा तुमचा.

हे गणित यजमानांसमोर एकदा कागदावर मांडा. भांडण म्हणून नको, शांतपणे. जो माणूस रोज घराची डागडुजी करतो, घरपट्टी भरतो, आईला दवाखान्यात नेतो, त्याला घर आपलेच वाटणार, त्यात काही गैर नाही. पण बँकेला गहाण देताना ते सगळे मोजले जात नाही. तिथे सासूबाईंची सही लागेल, दिरांची लागेल, नणंदेची लागेल, आणि ज्या ज्या लग्नाला गोव्याचा कायदा लागू होतो त्या त्या जोडीदाराचीही लागेल. दिरांना यायला जमणार नसेल तर तिथे करून अपॉस्टिल (परदेशात चालणारे सरकारी प्रमाणन) केलेले मुखत्यारपत्र पाठवावे लागेल. दीर फोनवर ‘घाबरू नका’ म्हणतात, पण आपला वाटाही या कर्जाखाली जाणार आहे हे त्यांना कोणी सांगितले आहे का? नणंदेला तरी?

चांगली बँक असली तर आधी तिचा वकील सर्च करील, म्हणजे मालकीचे जुने दस्त तपासील, आणि एक-चौदावर मयताचे नाव दिसले की फाइल परत पाठवील. तुमचा एजंट जर ‘कागदांचे मी बघतो’ म्हणत असेल, तर मला तिथेच शंका येते. वारसांनी सह्या करून उत्तराधिकाराचा दस्त केला म्हणजे वारस कोण एवढे ठरते. कोणाला काय मिळाले ते ठरत नाही. वाटणी करायची तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी करावी लागते. गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात तिची सगळी रीत दिलेली आहे. सगळ्या वारसांना बोलावतात, मालमत्तेची यादी होते, मग एकमताने वाटणी होते किंवा वारसांमध्येच बोली लागते आणि घर घेणारा बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. वेळ लागतो, वकिलाचा खर्च येतो, हे खरे. पण तीन भावंडांचे आज एकमेकांशी बरे आहे, आई हयात आहे, तेव्हाच हे काम सोपे असते. पुढच्या पिढीत चुलत भावंडे वाढली की याच घराच्या फाइलला किती सह्या लागतील ते मोजून बघा.

एक-चौदाचा उतारा काढाल तेव्हा ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचा. आपल्याकडे कितीतरी जुन्या घरांच्या जागेवर त्या रकान्यात मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाचे) नाव असते, किंवा घर आपले आणि जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) किंवा कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची) असते. तुमच्यात तसे काही असेल तर मामलेदाराकडची त्या जागेची खरेदी पूर्ण झाल्याशिवाय गहाणाचा विषयच काढू नका. बोजा नसल्याचा दाखलाही सोबत काढून ठेवा. सासऱ्यांनी कधीकाळी सोसायटीचे कर्ज घेतले होते आणि ते फिटूनही नोंद उतरवायची राहून गेली, असे प्रकार या दाखल्यातच बाहेर येतात.

आता तुमच्या सहीचे. एजंट ज्याला फॉर्मॅलिटी म्हणतो तिच्याशिवाय या राज्यात ते गहाणखत टिकत नाही, म्हणून तर तो मागे लागला आहे. तुम्ही मालक म्हणून सही करता. बहुतेक वेळा बँक तुम्हाला सहकर्जदारही करून घेते, आणि मग हप्ता थकला तर तुमच्या नावावरही तो थकतो, तुमचाही सिबिल बिघडतो. कोणत्या जागी सही घेताहेत, मालक म्हणून, सहकर्जदार म्हणून की जामीनदार म्हणून, हे प्रत्येक पानावर बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दीर सांगतात ते अमेरिकेतले हेलॉक खोटे नाही. तिथे घराची किंमत आणि त्यावरचे उरलेले कर्ज यांच्यातला फरक धरून बँक एक मर्यादा ठरवते. पहिले कर्ज आणि ही मर्यादा मिळून साधारणपणे घराच्या किमतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत. पहिली काही वर्षे, बहुधा दहा, लागेल तसे पैसे काढायचे आणि पुष्कळदा फक्त व्याज भरायचे. त्यानंतर पैसे काढणे बंद, आणि मुद्दल-व्याजाचा हप्ता सुरू होतो, बहुधा वीस वर्षांचा. दर प्राइम रेटला, म्हणजे तिथल्या बँकांच्या मूळ दराला, बांधलेला असतो आणि बदलत राहतो. दिरांना एवढे विचारा: मार्च २०२२ च्या सुरुवातीला हा प्राइम रेट ३.२५ टक्के होता, जुलै २०२३ मध्ये ८.५० झाला, त्या दीड वर्षात तुमच्या ओळखीत ज्यांनी हेलॉक घेतले होते त्यांचे काय झाले? ५० हजार डॉलर काढलेल्या माणसाचे वर्षाचे व्याज एवढ्या काळात २,६२५ डॉलरने वाढले. घरांच्या किमती पडल्या किंवा कर्जदाराची स्थिती ढासळली की बँक मर्यादा गोठवू शकते. २००८ च्या पडझडीनंतर पुष्कळांच्या मर्यादा अशाच कापल्या गेल्या, तेही नेमके पैशांची गरज असताना. आणि तिथेही घर तारण असते. हप्ते थकले तर घर जाते.

तिथल्या कर्जदाराला एक गोष्ट मिळते जी तुम्ही इथे गृहीत धरू नका. राहत्या घरावरच्या हेलॉकची सही केल्यावर तीन कामकाजी दिवसांत तो करार रद्द करू शकतो, तसा तिथला कायदाच आहे. शाखेत बसून तुम्ही सह्या केल्यात आणि कागद जमा केलेत की घरी येऊन ‘नको वाटते’ म्हणायला अशी मुदत मिळेल, असे धरून चालू नका. तुमचे तीन दिवस सहीच्या आधीचे. ते मागून घ्या. मसुदा घरी न्यायला देत नाही त्याच्याकडे कर्ज काढू नये.

इथे मिळणारी वस्तू जवळपास तशीच आहे. घर तारण ठेवून मिळणारे कर्ज दोन रूपांत येते. एक ठरावीक मुदतीचे, ज्यात रक्कम एकदम मिळते आणि दरमहा हप्ता बसतो. दुसरी ही लिमिट, ओडी. तिच्यात खात्यावर उणे शिल्लक चालते, व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजून महिन्याला लावतात, आणि पैसे भरले की त्या दिवसापासून व्याज कमी होते. बाजारात दुकान असलेल्या माणसाला, ज्याचे पैसे आठवड्याला येतात-जातात, तिचा खरोखर उपयोग होतो. चतुर्थीच्या आधी माल भरायचा, चतुर्थी झाली की पैसे परत खात्यात, असे चक्र त्याच्याकडे असते. पगारदार घरात हे चक्र नसते. महिन्याच्या एक तारखेला पगार येतो आणि वीस तारखेला संपतो. मग खात्यात परत जाणार काय?

‘मुद्दल सवडीने फेडा’ या वाक्याचा हिशेब मांडते. २५ लाख पूर्ण काढलेत, दर साडेदहा टक्के, तर नुसते व्याज महिन्याला २१,८७५ रुपये. पाच वर्षांत तुम्ही १३ लाख १२ हजार ५०० रुपये भराल आणि पाच वर्षांनंतर देणे किती? तेच २५ लाख. तेवढीच रक्कम, त्याच दराने, दहा वर्षांच्या हप्त्यावर घेतली तर हप्ता साधारण ३३,७३४ रुपये बसतो. महिन्याला बारा हजारांच्या आत-बाहेर जास्त. पण पाच वर्षांनी देणे १५ लाख ७० हजारांच्या आसपास उतरलेले असते, म्हणजे नऊ लाखांहून अधिक मुद्दल फिटलेले. तुमच्या घरात दोघांचे मिळून ५६-५८ हजार येतात. त्यातून ३३ हजारांचा हप्ता झेपणार नाही, हे तुम्हीही जाणता. हप्ता झेपत नाही म्हणूनच लिमिट स्वस्त वाटते आहे. जे कर्ज हप्त्याने फेडता येत नाही ते सवडीने कसे फिटणार?

हा दरही कायमचा नाही. बँकांची घरगुती बदलत्या दराची कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या निर्देशांकाला, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, जोडलेली असतात. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. पुढे तो उतरलाही. पण अडीच टक्क्यांची ती चढण २५ लाखांवर महिन्याला ५,२०० रुपयांची होते. एजंटाला आजचा दर विचारू नका. तो कशाला जोडला आहे, त्यावर बँकेचा फरक किती आणि किती महिन्यांनी बदलतो, हे विचारा.

अजून काही खर्च ‘वापराल तेवढ्यावरच व्याज’ या बोलण्यात लपतात. प्रोसेसिंग फी पूर्ण लिमिटवर लागते, तुम्ही आठच लाख वापरलेत तरी. मुद्रांक, वकिलाचा सर्च, घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरची फी, काही ठिकाणी न वापरलेल्या रकमेवरही शुल्क. लिमिटचे दरवर्षी नूतनीकरण करायचे असते, त्याची फी वेगळी. आणि नूतनीकरण करायचे की नाही हे बँक ठरवते. करारात बहुधा एक ओळ असते की रक्कम मागणी केल्यावर परत करावी लागेल. ती ओळ शोधून वाचा. काही बँका लिमिट दरमहा थोडी थोडी उतरवत नेतात. २५ लाख दहा वर्षांत उतरवायचे तर महिन्याला २०,८३३ रुपयांनी, वर व्याज वेगळे. ओडी घ्यायचीच वेळ आली तर असली उतरती लिमिट घ्या, कारण ती तुम्हाला मुद्दल फेडायला लावते.

आता तुमच्या तीन गरजा.

पर्सनल लोन आहे तसेच राहू द्या. १५ टक्क्यांचे तीन लाख साडेदहावर आणले तर वर्षाला फार तर साडेतेरा हजार वाचतील हे खरे, पण हे कर्ज दोन वर्षांत संपते आहे आणि त्याला घर तारण नाही. लिमिटमध्ये टाकलेत की ते घराच्या मानगुटीवर बसेल आणि दहा वर्षे हलणार नाही. दर कमी असूनही एकूण व्याज जास्त जाईल. दोन वर्षे ओढा. संपल्यावर तो हप्ता मोकळा होईल, तो पुढे कामी येतो.

लग्नासाठी घरावर एक रुपयाही काढू नका. याबाबत मी कठोर आहे आणि राहीन. लग्नाचा खर्च काही कमावून देत नाही, तो चार दिवसांत संपतो आणि व्याज मात्र मुलीचा संसार दहा वर्षांचा झाला तरी चालू असते. गोव्यात यात आणखी एक गोष्ट आहे. इथे आईवडिलांना आपली सगळी मालमत्ता मनाला येईल त्याला देता येत नाही. निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो. तुमची मुलगी त्याची हक्कदार आहे. घरावर काढलेले कर्ज तिच्या वाट्यातून आधी वजा होणार. म्हणजे मांडव, जेवणावळी, हॉलचे भाडे हे सगळे तुम्ही तिच्याच वाट्यातून करताहात, तिला न विचारता. तिला विचारा. आठ लाखांचे लग्न तिला हवे आहे की तुम्हाला पाहुण्यांसाठी करायचे आहे? देवळात लग्न आणि मोजक्या माणसांना जेवण, असे आपल्या भागात आजही होते आणि कोणाचे नाक कापले जात नाही. दोन वर्षे महिन्याला दहा हजार आवर्ती ठेवीत टाकलेत तर दोन लाख चाळीस हजार आणि वर व्याज जमेल. लग्न त्या आकड्यात बसवा.

खोल्यांचा बेत मात्र नीट बघण्यासारखा आहे. डिचोलीकडे येणारा पर्यटक किनाऱ्यावरच्यासारखा नसतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला येणारी कुटुंबे, मयेच्या तळ्यावर येणारे, दिवाडीला फेरीबोटीने जाणारे, गर्दी नको असलेले लोक. त्यांना घरचे जेवण आणि स्वच्छ खोली हवी असते आणि तुम्ही ते देऊ शकता. पण दोन खोल्या एकदम कशाला? एक बांधा. कंत्राटदाराचा आकडा दोन खोल्यांना १४ लाख असेल तर एकीला सात धरा, थोडे वर जाईल. सात लाख दहा वर्षांच्या मुदतीवर घेतले तर हप्ता साधारण साडेनऊ हजार. हा हप्ता खोली रिकामी राहिली तरी यजमानांच्या पगारातून ओढता येतो. १४ लाखांचा हप्ता १८,९०० च्या घरात जातो, तो ओढताना घर कोलमडेल. पावसाळ्याचे चार महिने खोली बरेच दिवस रिकामी राहणार असे धरूनच हिशेब करा. पहिली दोन वर्षे खोलीतून येईल त्यातला काही भाग पावसाळ्यासाठी बाजूला ठेवा आणि दुसरी खोली पहिलीच्या पैशांनी बांधा.

बांधकामाआधी नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना घ्या. जागेला सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आहे का तेही तेव्हाच बघावे लागेल. परवान्याशिवाय बांधलेली खोली व्हॅल्युअर किमतीत धरत नाही, आणि पर्यटन खात्याकडे नोंदणी करायला गेलात की तिथे अडते. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ही नोंदणी करावी लागते, घरातली एकच खोली दिली तरी. मागच्या बाजूची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती अंतरावर येते हे सर्व्हे प्लॅनवर मोजून घ्या. डोळ्यांनी मोजलेल्या हद्दींवरून कोर्टात गेलेली माणसे तुमच्याही गावात असतील. मिळकत सुरू झाली की करसल्लागाराला सांगा, तुमचे लग्न सामाईक मालमत्तेच्या पद्धतीतले आहे. गोव्यातल्या अशा जोडप्यांची पगाराखेरीजची मिळकत प्राप्तिकरात दोघांमध्ये निम्मी-निम्मी धरतात. तुमचेही विवरणपत्र भरावे लागेल, आणि ते भरलेले चांगलेच.

मुदत कर्ज घेताना बँकेकडून केएफएस मागा, म्हणजे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांना ते देणे सक्तीचे आहे. त्यात सगळी शुल्के धरून वर्षाचा खरा दर किती पडतो तो आकडा असतो. जाहिरातीतला दर बाजूला ठेवा आणि दोन बँकांचा तो आकडा शेजारी ठेवून बघा. मुदतीआधी फेडले तर दंड आहे का, हे लेखी घ्या. व्यक्तीला घरगुती कारणासाठी दिलेल्या बदलत्या दराच्या मुदत कर्जावर बँकांना तो घेता येत नाही. व्यवसायासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जालाही, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेले असेल तर, व्यापारी बँकांना व्यक्तीकडून असा दंड घेता येत नाही. कर्जासोबत विमा गळ्यात मारतील. त्याची सक्ती नसते. यजमानांचा साधा टर्म विमा मात्र कर्जाएवढ्या रकमेचा बाहेरून जरूर काढा, त्यांच्या पगारावर सगळे उभे आहे.

आणि थकले तर काय होते, हेही यजमानांना आधीच वाचून दाखवा. हप्ता ९० दिवस थकला की खाते बुडीत धरतात. ओडीत तर सलग ९० दिवस शिल्लक लिमिटच्या वर राहिली, किंवा तेवढ्या काळात भरलेल्या पैशांतून व्याजही निघाले नाही, तरी तेच. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर कोर्टात खटला न भरता बँक घराचा ताबा घ्यायला निघू शकते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते, बँकेला तिचे उत्तर द्यावे लागते, ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. हे हक्क माहीत असू द्या. पण सासूबाईंच्या वयात त्यांच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटवली जाणे, यातून कोणता हक्क त्यांना वाचवणार आहे?

त्यांच्याबद्दल एक सांगायचे राहिले. पत्रात सगळ्यांची मते आली आहेत: यजमानांचे, दिरांचे, एजंटाचे, कंत्राटदाराचेसुद्धा. अर्ध्या घराच्या मालकिणीचे मत आलेले नाही. त्यांना लिहिता-वाचता किती येते मला माहीत नाही, पण मराठीत समजावून सांगितले तर व्याज म्हणजे काय हे त्या पिढीतल्या बायकांना आपल्याहून चांगले कळते. त्यांच्यासमोर बसून, दिरांना आणि नणंदेला फोनवर घेऊन, हा सगळा हिशेब एकदा वाचा. त्या नको म्हणाल्या तर नको. काही न समजावता नुसते ‘इथे कर’ म्हणून कोणी त्यांचा अंगठा किंवा सही घेतली, तर उद्या नणंद कोर्टात गेल्यावर तेच गहाणखत अडचणीत येईल, हे यजमानांना सांगितलेत तर तेही थांबतील.

या आठवड्यात एवढे करा. एक-चौदाचा ताजा उतारा आणि बोजा नसल्याचा दाखला काढा. डिचोलीतल्या एखाद्या दिवाणी वकिलाला भेटून इन्व्हेंटरीचा खर्च विचारा. बँकेच्या किंवा एजंटाच्या ओळखीचा नको, तुमचा स्वतःचा. एजंटाला सांगा की घरची कागदपत्रे व्हायची आहेत, तोवर अर्ज पुढे नेऊ नका, आणि आधार-पॅनच्या प्रती दिल्या असतील तर अर्ज कुठल्या बँकेत टाकला ते लेखी मागा. सुरक्षेसाठी म्हणून कोरे चेक मागतील, ते देऊ नका. मूळ दस्त कोणाच्याही हातात देऊ नका. पुढे कधी बँकेत ठेवायचे झाले तर प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर शाखेचा शिक्का घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे असतात, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण कोणते कागद दिले होते हे दाखवायला ती यादीच लागते.

एका खोलीच्या कर्जाचे मंजुरीपत्र हातात आले की सहीच्या आधी त्याची प्रत मला पाठवा. आकडे आणि अटी मी वाचून कळवीन, गहाणखताचा मसुदा वकिलाला दाखवा.